खुब्याची शस्त्रक्रिया चोख, घरी पाठवतानाचा कागद चुकीचा

पुण्यातल्या एका खासगी प्राणी-शस्त्रक्रिया केंद्रातल्या कुत्र्यांच्या एफएचओ (फेमोरल हेड ऑस्टेक्टमी) या खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजबद्दल हे लिहिलंय. हिप डिस्प्लेसियात खुब्याची वाटी उथळ आणि सांधा सैल असतो, हाडावर हाड घासत राहतं. एफएचओत मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान कापून काढतात, म्हणजे घासायला काही उरत नाही.

तपासणीला पूर्ण गुण. एक्स-रे गुंगी देऊनच काढतात, कारण जागा कुत्रा अंग ताठ धरतो आणि सैलपणा लपतो. त्याच गुंगीत गुडघाही हलवून बघतात, हे फार मोलाचं. एक्स-रेत खुबा खराब दिसला तरी लंगडणं गुडघ्यातला लिगामेंट तुटल्यामुळे असू शकतं, आणि मग खुब्यावरची शस्त्रक्रिया वाया जाते. प्लेटलेट्स मोजल्याशिवाय तारीख देत नाहीत, तेही बरोबर. गोचीडतापात त्या घसरतात आणि टेबलावर रक्त थांबेनासं होतं.

शस्त्रक्रियेत सगळा खेळ कापाच्या रेषेचा. काप वर गेला की मानेचं टोक मागे राहतं, ते वाटीवर टोचतं आणि कुत्रा पाय टेकायला तयार होत नाही. इथे भूल उतरण्याआधीच एक्स-रे काढून काप तपासतात. त्या एक्स-रेचा खर्च पॅकेजमध्येच धरलाय.

आता तक्रार. डिस्चार्जच्या कागदावर ‘६ आठवडे पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती’ असं छापलंय. प्लेट बसवलेल्या फ्रॅक्चरला ते ठीक. एफएचओत जुळून यायला हाडच नसतं. स्नायू आणि तंतूंचा नवा सांधा तयार व्हायचा असतो आणि तो पाय हलला तरच मोकळा राहतो. बांधून ठेवलेल्या कुत्र्याची मांडी सुकते, खुबा आखडतो, आणि दोष मात्र सर्जनच्या माथी येतो.

कागदावर हवं होतं ते असं: पहिले ३ दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, १० मिनिटं, दिवसातून ३ वेळा. नंतर वेदनाशामक लागू झाल्यावर पाय हळू पुढे-मागे १५ वेळा, तेही दिवसातून ३ वेळा. कळवळला तर तिथेच थांबायचं. घरी आल्यापासून पट्ट्यावर ५ मिनिटं चालवायचं, अगदी सावकाश. वेगात तो तीन पायांवर उड्या मारतो, सावकाश चालताना चौथा टेकावाच लागतो. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, त्या सुमारास बोटं टेकू लागली पाहिजेत. चौथ्या आठवड्यातही पाय उचललेलाच असेल तर परत दाखवा. सहाव्या आठवड्यानंतर वेताळ टेकडीचा सौम्य चढ उत्तम व्यायाम, पट्टा मात्र सोडू नका. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट टाका.

वजनाबद्दलही काउंटरवर स्पष्ट बोलत नाहीत. २० किलोच्या आतल्या कुत्र्यांत एफएचओचा निकाल सर्वांत भरवशाचा. ३५ किलोच्या लॅब्राडोरला सुधारायला वेळ लागतो, चाल थोडी वेगळी राहते. तिथे पूर्ण सांधा बदलण्याचा पर्याय निदान सांगायला हवा, खर्च कितीही मोठा असला तरी.

मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक जेवणानंतरच द्या, सोबत माणसांची आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक कधीच नको. उलट्या किंवा काळी शी झाली तर औषध थांबवून लगेच फोन करा. शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत मानेचं उरलेलं टोक नीट दिसत नाही.