दहावीच्या आकृत्या टिक्झमध्ये: शाळेच्या वर्षभराच्या वापरानंतर

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शिकवणीसाठी मी दहावीच्या भूमिती आणि विज्ञानाच्या सराव प्रश्नपत्रिका तयार करतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे-जूनचा भरपूर वेळ हाती असतो. त्या उन्हात बाहेर पडण्याऐवजी टिक्झ शिकायला घेतलं. लाटेक्स ही कोड लिहून पानं जुळवायची प्रणाली, आणि टिक्झ हे तिच्यातलं आकृत्या काढायचं साधन. आता बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, तेव्हा मत सांगायला हरकत नाही. जी आकृती पुढे बदलावी लागणार आहे, तिच्यासाठी याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलं नाही. एकदाच काढून संपणारी असेल, तर कंपास आणि स्कॅनर पुरे.

टिक्झ टिल टांटाउ यांनी बनवलं, फुकट आहे. माउसने काहीच ओढायचं नाही, सगळं लिहायचं. सुरुवातीला हे फार जाचतं. साधा त्रिकोण काढायला तीन बिंदूंचे निर्देशक लिहायचे म्हणजे डोक्याला ताप. खरी गंमत निर्देशक सोडले की सुरू होते.

बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका घ्या. चित्र काढायच्या साध्या माउसवाल्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा नजरेने टेकवायची, मग मोठं करून पाहिलं की ती वर्तुळाला छेदतेय किंवा थोडक्यात हुकलीय. टिक्झमध्ये मी केंद्र ओ, त्रिज्या आणि बाह्यबिंदू पी एवढंच देतो. ओपी हा व्यास मानून दुसरं वर्तुळ घ्यायला सांगतो आणि दोन्ही वर्तुळांचे छेदनबिंदू मागतो. तेच स्पर्शबिंदू. म्हणजे पाठ्यपुस्तकातली रचना शब्दशः. स्पर्शिकेची तयार सोयही आहे, पण मला हीच वाट बरी वाटते, कारण कोड चुकला तर रचनेतली कुठली पायरी चुकली ते कळतं. पी सरकवला की स्पर्शिका, काटकोनाची खूण, अक्षरं, सगळं आपोआप जागेवर येतं. प्रश्नपत्रिकेचे चार संच करायचे तर चार आकड्यांचं काम.

या अचूकपणाने एक नवी भानगड मात्र उभी केली. पूर्वी प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या ढोबळ असायच्या, तेव्हा मोजून कोणाला काही मिळत नसे. आता कोन खरोखर ७० अंशांचा निघतो. पोरांनी कोनमापक लावून उत्तरं लिहिली, आणि वर ‘सर, मोजलं नं’ म्हणून सांगितलं! मोजता येऊ नये म्हणून आकृती आडव्या दिशेने ताणून पाहिली, तर वर्तुळाची लंबवर्तुळं झाली. शेवटी कोडमध्ये एक कोन आणि छापायला दुसरा, अशी पद्धत ठेवलीय. वर ‘आकृती प्रमाणात नाही’ हे लिहायचंच.

विज्ञानात प्रकाशकिरणांच्या आकृत्या सुंदर होतात. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर आणि वस्तूचं अंतर दिलं की प्रतिमा कुठे पडेल ते भिंगाच्या सूत्राने कोडच काढतो. वस्तू दोन नाभीय अंतरांवर ठेवा, प्रतिमा तेवढीच मोठी आणि उलटी. आत सरकवत नेली की ती मोठी होत लांब जाते. वस्तू बरोबर नाभीवर आणली की शून्याने भागल्याची तक्रार येऊन काम थांबतं. प्रतिमा अनंत अंतरावर गेली, हे त्याच्या भाषेत असं! वर्गात पडद्यावर हे दाखवलं आणि पोरांना ते भलतंच आवडलं. टिक्झच्या जोडीला विद्युत परिपथांसाठी सर्किटिक्झ आणि कार्बनी संयुगांसाठी केमफिग ही पॅकेजेस आहेत. रोध नागमोडी हवा की आयत, हे एका शब्दाने बदलतं. आपल्याला नागमोडी लागतो.

मराठी नावं हे वेगळंच प्रकरण. कोडची पीडीएफ करणाऱ्या नेहमीच्या पीडीएफलाटेक्सचा इथे उपयोग नाही, त्याऐवजी झीलाटेक्स घ्यायचं आणि फाँट सांगताना लिपी देवनागरी असं स्पष्ट लिहायचं. ते राहिलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं सुटतात, ‘स्पर्शिका’ वाचवत नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका हा फाँट मला छपाईत चांगला वाटला. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटातला मजकूर इथे चिकटवता येत नाही, मी तो सगळा नव्याने टाइप केला. माझ्याकडे जुने पेपर ढीगभर, त्यामुळे यात फार वेळ गेला.

चुकांचे संदेश हा टिक्झचा सगळ्यात वाईट भाग. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरलात तर ते निदान ‘अर्धविराम राहिला का’ म्हणून विचारतं. बाकी वेळी चूक एका ओळीत आणि बोंब भलत्याच ओळीवर. अंतर मीटरमध्ये म्हणून २०००० लिहिलं, तर ‘डायमेन्शन टू लार्ज’, म्हणजे माप फार मोठं झालं. लाटेक्स ज्यावर उभं आहे त्या टेक्सच्या मोजमापाची कमाल मर्यादा १६३८४ पॉइंटांच्या (पॉइंट हे छपाईचं माप) जरा आत आहे, म्हणजे पावणेसहा मीटर. म्हणून आलेखांसाठी पीजीएफप्लॉट्स हे पॅकेजच वापरा, ते मोठे आकडे नीट सांभाळतं. हस्तपुस्तिका हजार पानांच्या वर आहे, पण सुरुवातीचे धडे जरूर वाचा. पहिला धडा शाळेत गणित आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कार्ल नावाच्या शिक्षकासाठी लिहिलाय, त्यामुळे आपल्याला तो लगेच जवळचा वाटतो.

रेषेची जाडी न सांगता सोडू नका. मूळची ०.४ पॉइंटांची रेषा झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये उडून जाते. मी सगळीकडे ०.८ ठेवतो. नागपुरातल्याच महाल भागातल्या छापखान्यात पहिल्यांदा पीडीएफ नेली तेव्हा ऑपरेटर म्हणाला, ‘सर, हे काय करून राहिले तुम्ही? बदलता येईल अशी फाईल द्या नं, मी दुरुस्त करतो.’ द्यायला तशी फाईल नव्हतीच. पण रेषा फक्त काळ्या शाईतच निघाल्या, मोठं करूनही फाटल्या नाहीत, तेव्हापासून तो पीडीएफच मागतो.

लाटेक्सच्या जागी वापरता येणारं टायप्स्ट हे नवं साधन आणि त्यातलं आकृत्यांचं पॅकेज सेट्झही चाळून पाहिलं. वेग आणि चुकांचे संदेश, दोन्हींत ते उजवं आहे. आज कोरी सुरुवात करणाऱ्याने आधी तेच पाहावं. माझा टिक्झमधला साठा आता एवढा झालाय की मी हलणार नाही.

हृदय, पेशी, मूत्रपिंड यांच्या वाटेला मात्र टिक्झ घेऊन जाऊ नका. वक्ररेषा कोडमध्ये जुळवता जुळवता दुपार जाते आणि शेवटी हृदय वांग्यासारखं दिसतं. त्या आकृत्या चित्रकलेच्या मॅडम पेनने काढून देतात. मी त्या स्कॅन करून पानावर ठेवतो आणि भागांची नावं व त्यांच्या रेषा तेवढ्या वरून टिक्झने टाकतो.