काच की खंदक? गोरिला-चिंपांझी बघायला जाण्याआधी

परदेशात राहणारी मंडळी आई-बाबा आले की झूचा बेत आखतात, आणि कुठलं झू यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये चर्चा झडते. तिकीट, पार्किंग, खाण्याची सोय हे सगळं तुम्ही बघालच. गोरिला किंवा चिंपांझी हेच मुख्य आकर्षण असेल तर मी आणखी एक गोष्ट बघतो: त्यांच्या आणि आपल्या मधे काय आहे? गज आता बहुतेक ठिकाणी गेले. उरतात काच आणि खंदक. मी दोन्हीकडे भरपूर वेळ घालवलाय, आणि हल्ली खंदकवाली जागा असेल तर तिथेच जातो.

काचेची बाजू मात्र लंगडी नाही. तिच्यामागचं एक मोठं कारण आरोग्याचं. आपल्या सर्दी-पडशापासून क्षयापर्यंत सगळं या प्राण्यांना होतं, आणि सुरुवातीच्या काळात झूमधले गोरिला फार जगत नसत. शिवाय काचेतून जे दिसतं ते खंदकापलीकडून दिसणं शक्यच नाही. नखं, पापण्या, पिल्लाच्या तळव्यावरच्या रेषा. लहान मुलं किंवा चष्म्याचा नंबर वाढलेले आजोबा बरोबर असतील तर खुशाल काच निवडा.

खंदकाचा इतिहास जुना आहे. हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने 1896 मध्ये गजांऐवजी खंदक वापरून प्राणी दाखवायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये हाम्बुर्गजवळच्या श्टेलिंगनला तसं अख्खं झू उभारलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते 1971 चं आर्नेम. नेदरलँड्समधल्या बुर्गर्स झूने जवळजवळ हेक्टरभर जागा पाण्याच्या खंदकाने वेढली आणि तिथे चिंपांझींची अख्खी वसाहत सोडली, अनेक प्रौढ नरांसकट. तोवर चिंपांझी म्हणजे एखादी जोडी, नाहीतर लंडनसारखी टेबल-खुर्चीवर बसवून केलेली 'टी पार्टी'. ती तिथे 1972 पर्यंत चालू होती!

आर्नेममध्ये 1975 पासून फ्रान्स द वाल हे डच प्राणिशास्त्रज्ञ सहा वर्षं चिंपांझींचं निरीक्षण करत होते. येरून, लाउट आणि निकी या तीन नरांची युती, फोडाफोडी आणि खुर्ची पालटणं त्यांनी नोंदवलं. आपल्याकडचं राजकारण बघणाऱ्याला त्यात नवीन काही वाटणार नाही, पण प्राणिशास्त्राला ते नवीन होतं.

प्रजननाचा मुद्दाही जागा आणि कळप यांच्याशीच जोडलेला आहे. झूमध्ये जन्मलेली पहिली गोरिला कोलो, 22 डिसेंबर 1956, कोलंबस, ओहायो. ती जमिनीवर, जन्मपिशवीतच पडलेली सापडली. वॉरन थॉमस या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिला श्वास दिला आणि माणसांनीच तिला वाढवलं. (ती 60 वर्षं जगली.) 1959 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या झूमध्ये गोमा ही गोरिला जन्मली. तिच्या आईला, आखिलाला, बाळ धरता येईना, पाजता येईना, म्हणून संचालक एर्न्स्ट लांग यांनी गोमाला स्वतःच्या घरी नेलं. 1961 मध्ये त्याच आखिलाने जांबो या पुढच्या पिल्लाला मात्र स्वतः वाढवलं. जंगलातून तान्ह्या वयात उचलून आणलेल्या माद्यांनी कुणाचं बाळंतपण बघितलेलंच नसे. त्यासाठी कळप हवा आणि कळपाला जागा हवी. आर्नेममधल्या काउफ या चिंपांझी मादीला दूध येत नसे आणि तिची पिल्लं जगत नसत. तिला बाटलीने पाजायला शिकवलं, आणि तिने रोशे नावाचं दत्तक पिल्लू कळपातच वाढवलं.

जागा फक्त खंदकानेच मिळते असं मी म्हणत नाही. काचेमागेही उत्तम आवारं आहेत.

मग माझं मन काचेवरून उडालं कशामुळे? टकटकीमुळे. एका मोठ्या शहरातल्या झूमध्ये (नाव नको) काचेपाशी एक रुपेरी पाठीचा प्रौढ नर गोरिला बसला होता. 'काच वाजवू नका' अशी पाटी डोक्यावरच होती. तरी आधी पोरं, मग त्यांचे बाप, मग एक बाई चक्क अंगठीने. कुणी छाती बडवून दाखवली. नर उठला, दोन पावलं पुढे जाऊन पाठ करून बसला. टकटक वाढली. मी गप्प उभा होतो खरा, पण टक लावून तर मीही बघत होतो, आणि रोखून बघणं हे गोरिलाला आव्हान वाटतं. काचेपुढे दुसरीकडे बघायला जागाच नसते. त्यानंतर जिथे जिथे काच बघितली तिथे ही टकटक कमी-जास्त ऐकूच आली. कदाचित माझे कानच आता तिकडे लागलेले असतात.

खंदकापलीकडे हे होत नाही. आपण दूर असतो, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लेखी नसतोच. पोरांना कंटाळा येतो हे मान्य. दुर्बीण न्यावी लागते. धोकेही आहेत. 1986 मध्ये जर्सीच्या झूमध्ये पाच वर्षांचा मुलगा गोरिलांच्या आवारात पडला. त्याच्याजवळ उभा राहून राखण करणारा नर म्हणजे बाझलचाच जांबो. 2016 मध्ये सिनसिनाटीला तीन वर्षांचा मुलगा खंदकात पडला आणि हरांबे या नर गोरिलाला गोळी घालावी लागली. आणि रॉटरडॅमच्या बोकितो या गोरिलाने 2007 मध्ये पाण्याचा खंदक ओलांडून एका बाईला जबर जखमी केलं. ती त्याला वारंवार भेटायला यायची, नजरेला नजर देऊन हसायची. हा बोकितो माणसांच्या हातावर वाढलेला होता हेही लक्षात घ्या.

भारतात निवड फार नाही. पुण्याच्या राजीव गांधी प्राणीसंग्रहालयात बिन्नी नावाची ओरांगउटान होती. 2003 मध्ये ती भुवनेश्वरच्या नंदनकाननला गेली आणि 2019 मध्ये वारली. गोरिला बघायचा तर म्हैसूर. तिथे 2021 मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा आले.

युरोपात नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा. थंडीत या प्राण्यांचा बराच वेळ आतल्या हॉलमध्ये जातो, आणि आत बहुतेक ठिकाणी काचच असते. अशा वेळी सुट्टीचा दिवस टाळून आठवड्याच्या मधल्या वारी, दार उघडताच आत शिरा. शाळांच्या सहली साडेदहानंतर येतात.