प्री-वॉश फोम कोणता घ्यावा: नाशिकच्या धुळीत वर्षभर वापरल्यानंतर

उन्हात गाडीच्या बॉनेटवर जे बारीक गोल ओरखडे चमकतात, त्यातले बहुतेक गाडी पुसताना आणि धुताना पडलेले असतात. अंगावर वाळूचे कण असतानाच ओलं फडकं फिरवलं की ते कण रंगावर घासले जातात. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. पॉलिश करून ओरखडे काढायचे म्हणजे हाच थर थोडा थोडा कमी करायचा, आणि तो परत वाढत नाही. म्हणून हात लावायच्या आधी जेवढा मळ सुटेल तेवढा सोडवून घ्यायचा. प्री-वॉशचं काम एवढंच, पण रंगाचं आयुष्य यावरच ठरतं असं माझं ठाम मत झालंय.

माझी गाडी गडद निळी आहे, पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते आणि कामानिमित्त दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात सारखी जाते. शहरात 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदलेले, त्यामुळे सिमेंटमिश्रित धूळ कायमचीच. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी बाजूचा तांबडा चिखल मडगार्डच्या कडेला बसतो. वर्षभरात या सगळ्यावर तीन प्रकारची द्रावणं वापरली: न्यूट्रल स्नो फोम, सौम्य अल्कली असलेला प्री-वॉश आणि संत्र्याच्या सालीच्या अर्काचा म्हणून मिळणारा सिट्रस क्लीनर. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांचा स्वभाव अगदी वेगळा असतो. बघायचा तो प्रकार आणि पीएच.

पीएचबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरेदीत सगळा गोंधळ इथेच होतो. 7 म्हणजे न्यूट्रल, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. एकेका आकड्यात दहापटीचा फरक असतो, म्हणजे 9 आणि 12 मधलं अंतर हजारपट आहे. वॉशिंग सेंटरवर ड्रममध्ये मिळणाऱ्या स्वस्त द्रावणांत अनेकदा कॉस्टिक सोडा असतो. त्याने मळ झटकन निघतो हे खरं, पण रंगावर लावलेलं संरक्षक मेण उतरतं, खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या काळपट-पांढुरक्या होतात आणि काळं प्लास्टिक फिकट पडतं. असं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण ते त्वचेवरचं तेल साबणासारखं करून टाकतं. मुद्दाम हात लावून बघू नका. लॅबचं सामान मिळतं त्या दुकानात 1 ते 14 च्या पीएच पट्ट्या मिळतात, त्याने घरीच तपासा. बाटलीतलं मूळ द्रावणही तपासा आणि पाण्यात मिसळलेलंही. मात्र न्यूट्रल निघालं म्हणजे निर्धास्त असंही नाही. सिट्रस क्लीनरमधला लिमोनीन हा विद्रावक आहे. पीएच 7 असला तरी तो मेण विरघळवू शकतो. त्यामुळे मी तो फक्त डांबराच्या ठिपक्यांपुरता आणि चाकांच्या कमानीत वापरतो. पूर्ण गाडीवर मारायची ती वस्तू नाही.

आता मिसळण्याचं प्रमाण. लेबलवर 1:10 लिहिलेलं असतं, पण ते फवारायच्या डब्यातलं की गाडीच्या पत्र्यावर पोचणारं, हे अनेक कंपन्या सांगत नाहीत. फोम कॅननच्या (प्रेशर वॉशरला जोडून फेस मारायचं साधन) 1 लिटरच्या डब्यात 100 मिली द्रावण आणि 900 मिली पाणी घातलं तर आत 10 टक्के झालं. पण प्रेशर वॉशरचं पाणी त्यात अजून साधारण दहापट मिसळतं, म्हणजे पत्र्यावर जेमतेम 1 टक्का पोचतं. तेच 10 टक्क्यांचं मिश्रण हातपंपाच्या स्प्रेमध्ये भरून मारलं तर पत्र्यावर सरळ 10 टक्के. न्यूट्रल फोमला याने फार बिघडत नाही, पैसे वाया जातात एवढंच. अल्कली प्री-वॉशच्या बाबतीत मात्र याच फरकाने मेण टिकतं किंवा जातं. हातपंप वापरणार असाल तर आधी अगदी पातळ करून एका दारावर मारून बघा, मग हळूहळू वाढवा.

किमतीचा हिशोबही यातूनच येतो. 600 रुपये लिटरचा फोम एका धुण्याला 50 मिली लागत असेल तर 30 रुपये पडले. निम्म्या किमतीचा पण 150 मिली लागणारा फोम 45 रुपयांना पडतो.

परिणाम सांगतो. न्यूट्रल फोमने सुटी धूळ, ताजा चिखल, बांधकामाची भुकटी छान खाली येते. खालच्या भागावरचा काळसर तेलकट थर, जो मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकच्या मागे राहून बसतो, त्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे सौम्य अल्कलीच लागतं. तुलना करायला मी डावी दारं एकाने आणि उजवी दुसऱ्याने धूत गेलो. अल्कलीच्या बाजूला फडक्याला लागणारा मळ स्पष्ट कमी, पण मेणामुळे पाण्याचे मणी बनतात, ते बनणंही त्या बाजूला आधी थांबलं. आता नेहमीच्या धुण्याला न्यूट्रल, आणि लांबचा हायवे प्रवास झाला की दारांच्या खालच्या अर्ध्या भागाला आणि मागच्या बंपरला अल्कली, अशी विभागणी केलीय. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पाण्याचे मणी बनत नाहीत म्हणजे मेण संपलं असं लगेच धरू नका. कधी वर तेलकट थर बसलेला असतो. तो निघाला की मणी पुन्हा दिसतात.

द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांसाठी हा भाग खास. छाटणीनंतर ब्लोअरने बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू असताना बांधावर गाडी उभी असेल तर निळसर-पांढरे ठिपके पडतात. ते मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. पानाला चिकटून राहावं म्हणूनच बनवलेलं, त्यामुळे वाळलं की हटत नाही. लोक मग अजून कडक फोम आणतात. पण चुना अल्कलीने विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तेच. ताजे असतील तर भरपूर साध्या पाण्याने लगेच निघतात. वाळले असतील तर आधी गाडी नीट धुऊन, सावलीत, गार पत्र्यावर, पांढऱ्या व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून ओल्या फडक्याने हलकेच टिपायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. प्री-वॉशकडून ही अपेक्षाच ठेवू नका.

फोम दाट आला म्हणजे चांगला, ही समजूत दुकानदार पसरवतात. दाट फोम पत्र्यावर जास्त वेळ थांबतो, एवढाच त्याचा फायदा. कोरडी गाडी असेल तर मी आधी फोम, 3 ते 5 मिनिटं थांबणं, मग प्रेशरने धुणं असं करतो. चिखल वाळून घट्ट झाला असेल तर आधी नुसत्या पाण्याने भिजवतो. फोम कधीच वाळू द्यायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेट हाताला चटका देतं, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकतो, नाहीतर संध्याकाळी. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला 6-7 लिटर पाणी घेतो, त्यामुळे टाकीचं पाणी वाचतं. शेवटचं पाणी बोअरचं नको, नळाचं घ्या.

बाहेर धुवायला देत असाल तर दोन गोष्टी आवर्जून विचारा: ड्रममध्ये काय आहे, आणि चाकांचा स्पंज वेगळा आहे का. खालून डिझेल मारून देतो म्हणाले तर नको म्हणा, डिझेलने खालच्या सांध्यांमधले रबरी बुश फुगतात. चाकांसाठीचे तीव्र आम्लाचे क्लीनर तर गाडीजवळ येऊच देऊ नका. काहींमध्ये अमोनियम बायफ्लोराइड असतं, आणि ते हाताळणाऱ्या पोराच्या हातांसाठी रंगापेक्षाही जास्त घातक आहे.

रंगावर सिरॅमिक कोटिंग (मेणाऐवजी लावतात तो टिकाऊ संरक्षक थर) असेल तर न्यूट्रल फोम नेहमीसाठी पुरतो, अधूनमधून सौम्य अल्कली चालतं. मॅट रंगाच्या गाडीला मात्र मेण किंवा चमक देणारे घटक असलेला कुठलाही फोम घेऊ नका. त्याने रंगावर चकचकीत चट्टे दिसायला लागतात आणि मॅटला पॉलिश करता येत नाही.