नाणी आणि बडोद्याची रोषणाई : जुना निकॉन डी५३००

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गायकवाडी नाण्यांचा लहानसा संग्रह आहे; त्याची नोंद छायाचित्रांसह ठेवता यावी आणि नवरात्रातला गरबाही टिपता यावा, अशा दुहेरी अपेक्षेने वापरलेला निकॉन डी५३०० कॅमेरा घेतला. २०१३ सालचे हे मॉडेल असले तरी त्याचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर लो-पास फिल्टरविना (म्हणजे बारीक तपशील किंचित पुसट करणाऱ्या थराविना) असल्यामुळे, सयाजीराव महाराजांच्या मुद्रेवरील पगडीची बारीक रेघही स्वच्छ उमटते.

मात्र खरा खर्च लेन्सचा. या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वस्तातली, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स फोकससाठी हाताने फिरवावी लागते. नाण्यांसाठी ते गैरसोयीचे मुळीच नाही, कारण तिथे लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचे थेट दृश्य) मोठा करून हातानेच फोकस करणे अधिक खात्रीचे. ४० मिलिमीटर मायक्रो लेन्स एकास एक प्रमाण देते, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या खऱ्या आकाराइतकी पडते, पण तेव्हा ती नाण्याच्या इतकी जवळ येते की तिचीच सावली पडते; बाजूने तिरपा प्रकाश देणे हाच उपाय. दुकानदाराने शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा) सांगायला टाळाटाळ केली, तो फोटोच्या एक्झिफमधून (फाइलमध्ये कॅमेऱ्याने ठेवलेल्या नोंदीतून) आम्हीच काढला. वळणारा स्क्रीन स्टँडवर फार उपयोगी पडतो. गरब्यात ऑटोफोकस अडखळतो, हे खरेच.