वर्तुळात बसून शिकायचं की हेनव्हिलमध्ये चालायचं?

वंशभेदाला थेट भिडण्यासाठी अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथात दोन वेगळ्या वाटा आहेत.

पहिली 'सेक्रेड ग्राउंड', २०१९ पासूनची. छोट्या गटानं वर्तुळात बसून माहितीपट बघायचे, वाचन करायचं आणि बैठकीमागून बैठक बोलत राहायचं. मूळ रहिवासी, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई अमेरिकनांच्या इतिहासाशेजारी स्वतःच्या घराण्याची गोष्ट मांडायची. गोऱ्यांनी गोऱ्यांशी मोकळेपणानं बोलावं, हा त्यामागचा एक हेतू. मात्र गट फक्त गोऱ्यांचाच असेल, तर ज्यांनी सोसलं ते त्या खोलीत नसतातच. ही उणीव मला फार खुपते.

दुसरी वाट म्हणजे अलाबामातल्या हेनव्हिलची ऑगस्टमधली यात्रा. २० ऑगस्ट १९६५ रोजी तुरुंगातून सुटलेले काही नागरी हक्क कार्यकर्ते थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाकडे गेले. सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय रूबी सेल्सवर बंदूक रोखली गेली. पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्या गोऱ्या जोनाथन डॅनियल्सनं तिला बाजूला ढकललं, गोळी स्वतः झेलली आणि जीव गमावला. फक्त गोऱ्यांच्याच ज्युरीनं मारेकऱ्याला निर्दोष सोडलं. आज यात्रेकरू तो तुरुंग, ती दुकानाची जागा बघून त्याच न्यायालयात जातात. जिथे हा निकाल लागला, तिथेच प्रभुभोजन होतं आणि न्यायाधीशाचं मेज वेदी बनतं!

यात्रेत गोरे-काळे बरोबर चालतात, हे तिचं मोठं बळ. तरीही एकच निवडायचं तर मी आधी वर्तुळ निवडेन. घरातल्या जुन्या समजुती उकरायला महिने लागतात. फक्त त्यात शेजारच्या कृष्णवर्णीय चर्चला पहिल्या बैठकीपासून बरोबरीनं घ्यावं.