चित्रातल्या खोलीला पंखा नसतो: घराच्या कामात एआयची चित्रं, आठ महिन्यांनंतर

डोंबिवली पूर्वेला १९९६ सालची इमारत, तिसरा मजला, कार्पेट ५६० चौरस फूट. गेल्या जूनमध्ये ओट्याखालची ट्रॉली ओढली ती हातातच आली. आत वाळवीनं सगळं पोकळ करून ठेवलं होतं. तिथून सुरू झालेलं काम स्वयंपाकघर, बेडरूम, हॉल असं फिरत फेब्रुवारीत संपलं. एवढ्या काळात एआयकडून काढून घेतलेल्या चित्रांचा माझ्या फोनमधला फोल्डर ११४० वर थांबलाय. प्रत्यक्ष कामाला आलेली चित्रं वीसेक असतील. त्या वीसांबद्दल आणि उरलेल्यांनी केलेल्या फसवणुकीबद्दल लिहितेय.

साधनांची नावं बहुतेक घेणार नाही. कुठलं चांगलं हा क्रम दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, आणि सगळ्यांच्या खोडी साधारण सारख्याच आहेत. मी तीन प्रकार वापरले: गप्पा मारत चित्र काढून देणारं एक, फक्त घरसजावटीसाठी असलेली एक वेबसाइट, आणि भाच्याच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रं काढणारं सॉफ्टवेअर.

पहिला महिना नशेत गेला. रात्री जेवणं आटोपली की मी, नवरा आणि लेक सोफ्यावर फोन घेऊन बसायचो. हॉल कोकणातल्या वाड्यासारखा कर, जपानी कर, सगळा पांढरा कर. अर्ध्या मिनिटात हजर. प्रत्येक चित्र बघून वाटायचं, हेच! तिसऱ्या आठवड्यात आई (सासूबाई) बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "छान आहे गं, पण या घरांत पंखा कुठे असतो?"

आम्ही मागे जाऊन सगळी चित्रं तपासली. पंखा नाहीच. स्विचबोर्ड नाही, एसीचा पाइप नाही, खिडकीला ग्रिल नाही, सेट टॉप बॉक्सची वायर नाही. आणि प्रत्येक हॉलमध्ये डावीकडून तिरपं सोनेरी ऊन. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर बारा फुटांवर शेजारच्या इमारतीचा जिना आहे. तिथून ऊन येत नाही, फोडणीचा वास येतो.

भाच्यानं कारण सांगितलं ते पटलं. ही साधनं शिकतात ती इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवर. स्टेबल डिफ्यूजनसाठी ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून चित्रं निवडली गेली, त्यात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. चित्र काढताना सुरुवात होते जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तशा गोंधळापासून. तो पायरीपायरीनं साफ करत करत 'लिव्हिंग रूम' या शब्दांशी जुळेल असं काहीतरी उरवलं जातं. म्हणजे त्याला खोली ठाऊक नसते, खोल्यांचे फोटो ठाऊक असतात. आणि घराचा फोटो नेटवर टाकणारा माणूस आधी वायरी लपवतो, पंखा चौकटीबाहेर ठेवतो, ऊन चांगलं पडेपर्यंत थांबतो.

"छताला तीन पात्यांचा पंखा हवाच" असं दर वेळी लिहायला लागल्यावर पंखा यायला लागला. कधी चार पाती, कधी कपाटाच्या दारावर आपटेल इतका भिंतीलगत. पण आला.

खरी गंमत मिस्त्री आल्यावर. हॉल आणि पॅसेजच्या मध्ये आमच्याकडे स्लॅबखाली सव्वा फूट उतरलेली बीम आहे. तिच्या खाली पुस्तकांचं कपाट करायचं होतं, म्हणून आमच्याच हॉलचा फोटो देऊन चित्र काढून घेतलं होतं, छतापर्यंत कपाट, वर पिवळे दिवे. मिस्त्रींनी फोन हातात घेतला, चित्र मोठं केलं, वर पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. "भाभी, ये बीम किधर गया?"

मी तोपर्यंत शंभर वेळा ते चित्र पाहिलं होतं. बीम गेलीय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन खिडक्यांची एक रुंद खिडकी झाली होती, तेही नाही. या साधनांचा हा सगळ्यात वाईट गुण: ती चूक इतक्या सफाईनं करतात की आपल्या स्वतःच्या घरातली भिंत हललेली आपल्याला कळत नाही. वेबसाइटवर एक सरकपट्टी असते, मूळ फोटोला किती धरून राहायचं याची. धरून ठेवलं तर सोफ्याचं कापड तेवढं बदलतं, सैल सोडलं की चित्र देखणं होतं आणि घर दुसऱ्याचं होतं. मधली जागा शोधण्यात माझा ऑगस्ट गेला.

मापांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. मिस्त्रींचा हिशोब सुतात, इंचाचे आठ सूत, आणि "दो सूत कम पड़ेगा" म्हणून ते अख्खं शटर परत रंधायला घेतात. चित्राला फूटही कळत नाही. आमची बेडरूम दहा बाय दहा. चित्रात पलंग, समोर भिंतभर कपाट, मध्ये ऐसपैस गालिचा, कोपऱ्यात आरामखुर्चीसुद्धा. मी त्यावर जवळपास शिक्कामोर्तब केलं होतं. मग एका रविवारी खोली रिकामी करून लेकीनं आणि मी फरशीवर खडूनं पलंग काढला. लांबी साडेसहा फूट, डोक्याकडची फळी तीन इंच, समोर कपाट दोन फूट. उरले पंधरा इंच. कपाटाचं शटर अठरा इंचांचं. म्हणजे दार उघडायचं तर पलंगावर चढून, तेही अर्धवटच. पलंग आडवा फिरवला तेव्हा रुंदी सहा फूट, कपाट दोन फूट, मध्ये दोन फूट मोकळे. आज तोच पलंग तसा आहे. खडूचे पैसे पडले नाहीत.

भाषेचा प्रकार वेगळाच. गप्पा मारणाऱ्या साधनाशी मी मराठीतच बोलायचे, ते समजतंही बरंच. पण घरकामातले आपले शब्द दुतोंडी आहेत हे मला तेव्हा कळलं. "स्वयंपाकघराला माळा दाखव" म्हटलं, तर दारावर झेंडूच्या माळा. "ओटा मोठा कर" म्हटलं, तर गावाकडच्या घरापुढचा शेणानं सारवलेला ओटा, त्यावर तुळस. "कपाटाला चार खण" म्हटल्यावर कपाटात खणांच्या कापडाच्या घड्या रचलेल्या, काठासकट! हे चित्र इतकं सुंदर होतं की मी ते जपून ठेवलंय. माळ्याला लॉफ्ट म्हणून पाहिलं, तर उघड्या विटांच्या भिंतींचं न्यूयॉर्कछाप घर आलं, कारण इंग्रजीत लॉफ्टचा तो एक अर्थ आहे. शेवटी "ओट्याच्या वरच्या कपाटांपासून छतापर्यंत दुसरी बंद कपाटं" असं फोड करून सांगितलं तेव्हा माळा मिळाला.

देवघराची चित्रं आईंना दाखवायला नको होती. सागवानी देव्हारा, मागे पितळी पत्रा, समई, सगळं झकास. पण मधल्या गणपतीला पाच हात, सोंड मोदकात विरघळलेली, आणि बाळकृष्णाला चेहराच धड नव्हता. आई काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "देव आपले आहेत ते बसतील. तू त्याला रिकामं देवघर काढायला सांग." तेव्हापासून मी तसंच सांगते. रिकामं देवघर फार चांगलं काढतात, जाळीचे चार नमुने त्यातूनच मिळाले आणि एक खरोखर केला.

आता कामाला आलेल्या वीस चित्रांबद्दल. ती सगळी एकाच जातीची आहेत: आमच्याच खोलीचा फोटो, आणि त्यात एकच बदल. "बाकी काहीही हलवू नकोस, फक्त कपाटाच्या शटरचा रंग बदल." नव्या साधनांना हे चांगलं जमतं. लॅमिनेटच्या दुकानात हजार नमुने असतात आणि तळहाताएवढ्या तुकड्यावरून आठ फुटी कपाट डोळ्यांसमोर आणणं मला तरी जमत नाही. दुकानात तुकड्याचा फोटो काढायचा, खोलीच्या फोटोबरोबर द्यायचा, हे लॅमिनेट या शटरवर लाव म्हणायचं. नवऱ्याला गडद अक्रोड हवं होतं. तोंडी वाद दीड महिना चालला असता. चित्रात दहा बाय दहाची खोली गुहेसारखी दिसली आणि वाद पाच मिनिटांत मिटला. (उलटही झालं. हँडलशिवायची शटर माझा हट्ट होता, तो मी हरले.)

भाच्याच्या मशीनवर कंट्रोलनेट म्हणून २०२३ मध्ये आलेली एक पद्धत चालवून पाहिली. ती तुमच्या फोटोतल्या कडा, सरळ रेषा किंवा खोलीची खोली, म्हणजे काय जवळ नि काय लांब, आधी टिपून घेते आणि चित्र त्या सांगाड्यावरच उभं करते. बीम जागेवर राहिली ती प्रथम इथे. पण बसवायला वेळ खाते, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं, आणि घरात असा भाचा नसेल तर नाद करू नका.

रंगावर मात्र चित्राचा भरवसा धरू नका. हॉलच्या एका भिंतीचा फिकट हिरवा आम्ही चित्रावरून ठरवला. सुदैवानं आधी एक लिटरचा डबा आणून दोन बाय दोनचा चौकोन रंगवला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर तो विहिरीच्या शेवाळासारखा दिसला. चित्रात प्रकाश नेहमी मनासारखा असतो, घरात तो साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबचा असतो. भिंत शेवटी मोतिया झाली.

मिस्त्रींशी बोलायला चित्रं फार उपयोगी पडली, तीही त्यांना हे माप नाही, फक्त चेहरा आहे असं पहिल्याच दिवशी सांगितल्यावर. मापं वहीतच. ७१० नंबरचं, पाण्याला टिकणारं प्लाय कुठे आणि साधं कुठे, ट्रॉली ज्यावर सरकते तो चॅनेल कुठल्या वजनाचा, ओटा आईंच्या उंचीला बत्तीस इंच की मला बरा म्हणून चौतीस, या प्रश्नांना चित्र उत्तर देत नाही. (तेहतीस केला.)

एक अनुभव सांगायलाच हवा. मध्यंतरी एका डिझायनरकडे गेलो होतो. त्यांनी थ्रीडी म्हणून जी चित्रं दाखवली आणि त्याचे वेगळे पैसे सांगितले, ती बघून मला घरच्यासारखं वाटलं. तेच डावीकडचं ऊन. मी एवढंच म्हटलं, "हीच खोली दाराच्या बाजूनं दाखवा ना." जी दाखवली तिच्यात खिडकी दुसऱ्या भिंतीवर होती. मापं घालून केलेलं मॉडेल असेल तर कुठूनही बघा, खिडकी हलत नाही. कोणी चित्रं दाखवली की हा प्रश्न विचारा.

खर्च म्हणाल तर महिना दोन हजारांच्या आसपासची एक वर्गणी मी तीन महिने भरली, नंतर बंद केली. फुकटात रोज मिळतात तेवढी चित्रं पुरतात, उलट मोजकी असली की विचार करून मागितली जातात. फोटो देताना भिंतीवरच्या तसबिरी, दारावरची पाटी, कॅलेंडरवर लिहिलेले दूधवाल्याचे हिशोब झाकून घ्या, हे मला उशिरा सुचलं.

गॅलरीचं अजून अडलंय. मला तिथे झोपाळा हवाय, आईंना कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या. दोन्ही मावेल असं चित्र गेल्या आठवड्यात काढून घेतलं. झोपाळा आहे, दोऱ्या आहेत, दोऱ्यांवर कुंड्या लटकवल्यात. आईंनी पाहिलं आणि विचारलं, "आणि यांच्याकडे पावसाळ्यात चादरी कुठे घालतात?" रविवारी पुन्हा खडू काढणार आहोत.