चार निळे दिवे आणि साडेसोळा हजार रुपये

मी निवृत्त शिक्षक आहे, आणि शिकवायचो विज्ञान. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना "गुरुजींना एवढं कसं कळलं नाही?" असं तुमच्या मनात येणारच. आमच्या घरात हा प्रश्न दिवसातून एकदा तरी विचारला जातो.

देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला आमचं घर. वडिलांनी जमवलेल्या गाण्याच्या तबकड्या, एलपी, म्हणजे कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, थोडं नाट्यसंगीत, बरीच वर्षं माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांकडून त्यांचा जुना संच घेतला. तबकडी फिरवणारं टर्नटेबल, तिचा बारीक सिग्नल वाढवणारी फोनो स्टेज, आवाज कमी-जास्त करायचा प्रीॲम्प, स्पीकरला ताकद देणारा पॉवर ॲम्प आणि कमरेएवढे दोन स्पीकर. सगळं सुटं, प्रत्येकाचं बटण वेगळं. निघताना ते गृहस्थ म्हणाले होते, "पॉवर ॲम्प सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा." मी मान डोलावली आणि टेम्पोत सामान नीट लागलंय का ते बघायला गेलो. ते वाक्य साडेसोळा हजारांचं होतं.

घरी आल्यावर मी काय केलं, तर सगळ्यांच्या पिना एका एक्स्टेंशन बोर्डात खुपसल्या आणि भिंतीवरचं एकच बटण ठेवलं. ते दाबलं की स्पीकरमधून धप्प असा आवाज यायचा. मोठ्या यंत्रांचं असंच असतं, अशी मी समजूत करून घेतली होती.

मे महिन्यात, आंब्याच्या गडबडीत, शेजारच्या काकूंकडे त्यांचा भाचा मुंबईहून आला. "साउंडच्या लायनीत आहे हो," असं काकूंनीच कौतुकाने सांगितलं. चहाला आला, संच बघितला, नावाजला. मग मला न विचारताच त्याने आधी पॉवर ॲम्प चालू केला आणि त्यावर प्रीॲम्पचं बटण दाबलं. धप्प! दोन्ही वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, कोन बाहेर झेपावले आणि आत ओढले गेले. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"गुरुजी, असं रोज होतं?"

"कधी कधी," मी म्हणालो. खोटंच.

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि खरी गोम इथेच आहे. त्याने जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. प्रीॲम्पला वीज मिळाली की आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरून व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात त्याच्या आउटपुटवर एक झटका येतो. पुढे पॉवर ॲम्प बंद असेल तर तो झटका तिथेच विरतो. चालू असेल तर ॲम्पला ते गाणं की झटका हे काय कळणार? तो इमानाने मोठा करून स्पीकरला देतो. आवाजाची खुंटी शून्यावर ठेवूनही सुटका होत नाही, कारण हा झटका बहुतेक वेळा खुंटीच्या पुढच्या टप्प्यात तयार होतो. बंद करताना सगळं उलटं. पॉवर ॲम्पमधले मोठे कपॅसिटर बटण बंद केल्यावरही काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ, ॲम्पला जागं ठेवतात. म्हणून आधी पॉवर ॲम्प बंद करायचा, जरा थांबायचं, मग प्रीॲम्प, मग फोनो आणि टर्नटेबल. अलीकडच्या पुष्कळ ॲम्पमध्ये एक रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा स्विच, असतो, जो चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' करून मगच स्पीकर जोडतो. माझ्या जुन्या ॲम्पमध्ये तो नाही.

हे ज्ञान फुकट आहे आणि एका बोटाने अमलात येतं. पण मी खुर्चीत बसून "मग उपाय काय?" असं विचारलं, तेव्हाच त्याचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी तो काळ्या पत्र्याचा एक बॉक्स घेऊन आला. मागे चार सॉकेट, पुढे चार निळे दिवे, हातात घेतला तर चांगला वजनदार. नाव सांगितलं 'सिक्वेन्सर'. ही वस्तू खरीच असते. स्टेजच्या साउंडवाल्यांकडे, स्टुडिओत असते. तिच्यात प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र रिले असतो आणि ते काही सेकंदांच्या अंतराने एकेक करून चालू होतात, बंद होताना उलट्या क्रमाने. त्याने बटण दाबलं. दिवे एकामागून एक लागले: एक, दोन, तीन, चार. "आता ॲम्पचं पुढचं बटण दाबा, गुरुजी." दाबलं. स्पीकर गप्प. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ही आणि मी.

आता विचार करा. चौथा दिवा लागल्यावर ॲम्पचं बटण कोणी दाबलं? मी. म्हणजे क्रम बॉक्सने नव्हे, माझ्याच बोटाने पाळला. "एवढी एक सवय ठेवा, रोज चौथ्या दिव्यानंतरच बटण दाबायचं, आणि बंद करताना आधी ॲम्प मग बॉक्स," असं तो बजावून गेला. महिनाभर मी ते निष्ठेने केलं, महिनाभर धप्प झालं नाही, आणि श्रेय बॉक्सला देत राहिलो. येईल त्याला दिवे लावून दाखवायचो. दहावीच्या मुलांना 'प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला' हे मी किती वर्षं शिकवलं, ते आता मोजत नाही.

पैसे: साडेसोळा हजार. दहा हजार रोख, बाकीचे साडेसहा यूपीआयने. पक्कं बिल मागितलं तर "गावच्या माणसाला बिल काय द्यायचं, टॅक्स कशाला भरताय?" म्हणाला. एका कागदावर आकडा लिहून सही करून दिली. बॉक्सच्या स्क्रूवर चिकटपट्टी होती: उघडल्यास वॉरंटी रद्द.

मध्येच एक खूण मिळाली होती. ॲम्पच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या, पूर्वी कधी येत नव्हत्या. फोन केला तर म्हणाला, "पावसाची हवा आहे, दमटपणा." पटलं. कोकणात दमटपणावर ढकललेली कुठलीही गोष्ट पटते.

जूनमध्ये एका संध्याकाळी रेकॉर्ड चालू असताना लाइट गेली. पूर्वी मी भिंतीवरचं बटण बंद करायचो. आता म्हटलं, बॉक्स आहे, कशाला उठा? "लाइट गेली-आली तरी बॉक्स सांभाळतो," हेही त्याचंच वाक्य. पाचेक मिनिटांनी लाइट आली, लगेच गेली, परत आली. पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे हे रोजचंच. पण तेव्हा ॲम्पचं बटण चालूच राहिलं होतं. तीन धप्प झाले, शेवटचा असा की खिडकीची काच थरथरली. त्यानंतर डाव्या स्पीकरमधून प्रत्येक तबल्याच्या बोलाबरोबर घरघर. वूफरची कॉइल वाकून घासायला लागली होती. दुरुस्तीला ३,२०० रुपये गेले, शिवाय स्पीकर गाडीत घालून कोल्हापूरला न्यायचा त्रास.

आमच्या वाडीतला वायरमन घरातल्या अर्थिंगसाठी आला होता. आमच्याकडे खाली कातळ, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून, उन्हाळ्यात पाणी ओतून राखावा लागतो. झिणझिण्यांचं ऐकून त्याने बॉक्सकडे पाहिलं. पट्टी काढू नको म्हटलं तर हसला. पिशवीतून झिरोचे चार बल्ब काढले, चारही सॉकेटांत लावले आणि बटण दाबलं.

दिवे लागले एक, दोन, तीन, चार. बल्ब मात्र चारही एकदमच.

"गुरुजी, चारय एकदमच पेटले मां," तो म्हणाला. "ह्येच्यात काय एक नाय. तुमका गंडवल्यान."

मग पट्टी मीच फाडली. आत चारही सॉकेट एकाच वायरवर समांतर जोडलेले. केकवर लावतात तसल्या मेणबत्तीच्या आकाराच्या खेळण्यातल्या दिव्यांचं असतं तेवढंसं एक सर्किट, फक्त निळे दिवे ओळीने लावण्यापुरतं. रिले एकच, तोही सगळ्यांना मिळून. अर्थची पिन नुसती दाखवायला, तिला वायरच नाही. झिणझिण्या त्याच्या होत्या. आणि तळाशी दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी, जवळजवळ पाऊण किलोची. वजनासाठी.

स्पीकर गेला त्याचं दुःख आहेच, पण अर्थ तुटलेल्या त्या पत्र्याला ओल्या हाताने ही रोज फडका मारायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

फोन केला. "तुम्ही सील तोडलंत ना? मग वॉरंटी गेली." त्यानंतर नंबर ब्लॉक. काकूंना सांगितलं तेव्हा त्या रडल्याच. आता बांधावर समोरासमोर आलो की त्या पदर सावरत दुसरीकडे वळतात, आणि मलाच अपराध्यासारखं वाटतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे मला सिंधुदुर्गनगरीला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. कागदाचा तुकडा, साडेसहा हजारांची यूपीआयची नोंद, बॉक्स आणि आतले फोटो एवढा पुरावा आहे. दहा हजार रोख दिल्याला साक्षीदार म्हणजे फक्त ही, आणि ती साक्ष देताना आधी मलाच झाडणार.

संच आता चालू करतो तो असा: टर्नटेबल, फोनो, प्रीॲम्प, मग थोडं थांबून पॉवर ॲम्प. लाइट गेली की अंधारात चाचपडत आधी पॉवर ॲम्पचं बटण बंद. बटणांवर १, २, ३, ४ असे कागद चिकटवले होते, फडक्याने दोन पुसले गेले.

तो भाचा गणपतीला परत येणार असं कळतंय, आणि या वेळी मंडपवाल्यांना, देवळाच्या साउंडवाल्यांना बॉक्स दाखवणार आहे म्हणे. काळा पत्रा, पुढे चार निळे दिवे, स्क्रूवर चांदीच्या रंगाची पट्टी. समोर ठेवला तर चारही सॉकेटांत झिरोचे बल्ब लावून बघा, आणि कान देऊन ऐका: दिवे चार वेळा लागतात, 'टक्' मात्र एकदाच होतं.